ओल सांगून घर विकावं का? आणि बिल्डरच्या ‘दहा वर्षांच्या वॉरंटी’चं काय?

वाचकांचं पत्र

स. न. वि. वि.

मी निवृत्त शिक्षिका. कोल्हापुरात राजारामपुरीत तिसऱ्या म्हणजे सगळ्यात वरच्या मजल्यावर आमचा दोन बेडरूमचा फ्लॅट आहे. २०११ साली ताबा घेतला. लिफ्ट नाही आणि यांचे गुडघे आता साथ देत नाहीत, म्हणून हा फ्लॅट विकून कळंब्याच्या बाजूला एका नव्या स्कीममध्ये फ्लॅट घ्यायचं ठरवलं आहे. तिथला ताबा दिवाळीच्या आसपास मिळेल असं सांगतात. करारनामा अजून नोंदवलेला नाही.

आमचा फ्लॅट एका तरुण जोडप्याला पसंत पडलाय. ते म्हणतात, ‘दोन वर्षांत काही निघालं तर तुम्ही करून द्याल, असं लिहून द्या.’ आता खरं सांगते. मागच्या बेडरूमच्या छताला कोपऱ्यात पावसाळ्यात ओल येते. दोन वर्षांपूर्वी गच्चीवर वॉटरप्रूफिंग करून घेतलं, तरी गेल्या जुलैत पुन्हा आली. एजंट म्हणतात, ‘पुट्टी मारून रंग काढा, गिऱ्हाइकाला सांगत बसू नका. फारच मागं लागले तर वर्षाला पंधरा हजारांचा होम वॉरंटी प्लॅन मिळतो, तो त्यांच्या नावानं घेऊन द्या.’ आमची मुलगी डॅलसला असते. तिनं घर घेतलं तेव्हा विकणाऱ्यानं एक वर्षाची होम वॉरंटी दिली होती. तिकडं सर्रास देतात म्हणे, म्हणून तिचंही मत तसंच आहे.

नव्या फ्लॅटचा बिल्डर ‘वॉटरप्रूफिंगची १० वर्षांची वॉरंटी’ असं छापलेलं गुळगुळीत कार्ड दाखवतो. त्यावर किती विसंबावं? आणि आमच्या ओलीचं काय करावं?

— एक वाचक, राजारामपुरी

उत्तर

बाई, सप्रेम नमस्कार.

आधी ओलीचं बोलू, कारण तुमच्या पत्रात तुमचा जीव तिथंच अडकलेला दिसतो. ओल सांगा. तोंडी सांगा आणि संचकारपत्रात, म्हणजे विसाराच्या करारात, लिहूनही द्या. पुट्टी मारून रंग काढायचा सल्ला ऐकू नका. तुमच्या मनाला तो पटलेला नाही हे पत्रावरून कळतंच, पण कायदाही तुमच्या मनाच्याच बाजूनं आहे. मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२ चा आहे. त्याचं कलम ५५ असं सांगतं की घरातला एखादा महत्त्वाचा दोष विकणाऱ्याला माहीत असेल, घेणाऱ्याला माहीत नसेल आणि साधारण काळजी घेऊन पाहिलं तरी त्याला दिसणार नसेल, तर तो दोष सांगणं विकणाऱ्यावर बंधनकारक आहे. न सांगणं म्हणजे फसवणूक, असं त्याच कलमात शेवटी स्पष्ट म्हटलंय. आता विचार करा. छताला पोपडे धरलेत, पिवळट डाग आहे, तोवर घेणाऱ्याला तो दिसू शकतो. त्यावर पुट्टी आणि रंग चढला की दिसायचा बंद होतो. म्हणजे रंगाचा डबा आणून आपणच आपल्या अंगावर जबाबदारी ओढून घेतो. खरेदीखतात ‘आहे त्या स्थितीत’ असे शब्द घातले की सुटलो असं पुष्कळांना वाटतं, पण जाणूनबुजून झाकलेल्या दोषाला ते शब्द वाचवत नाहीत. आणि एजंट तोवर आपलं कमिशन घेऊन पुढच्या व्यवहाराला लागलेले असतात. जुलैत फोन येणार तो तुम्हाला.

संचकारपत्रात घालायला मजकूर देते. तुमच्या वकिलांकडून बघून घ्या:

‘सदर फ्लॅटच्या मागील बेडरूमच्या छतास कोपऱ्यात पावसाळ्यात ओल येते. मागील जुलै महिन्यात ती दिसून आली आहे. त्यापूर्वी गच्चीवर वॉटरप्रूफिंगचे काम करून घेतले असून त्याची पावती व ठेकेदाराचे गॅरंटीपत्र लिहून घेणार यांना दाखविले आहे. लिहून घेणार यांनी सदर जागा प्रत्यक्ष पाहून व ही बाब किंमत ठरविताना विचारात घेऊन हा व्यवहार केला आहे.’

एवढ्या चार वाक्यांनी तुम्हाला जी सुरक्षितता मिळते ती पंधरा हजारांच्या कुठल्याही प्लॅननं मिळणार नाही. गिऱ्हाईक पळून जाईल ही भीती मला कळते. पण वरच्या मजल्याचा, चौदा-पंधरा वर्षं जुना फ्लॅट बघायला येणारा माणूस छताकडे बघतोच. कोल्हापुरात राहणाऱ्याला आषाढ-श्रावणातला पाऊस काही नवा नाही. विकणाऱ्यानं आपणहून डाग दाखवला, पावती दाखवली आणि दुरुस्तीला किती लागतील तेही सांगितलं, तर बोलणं पुढं सरकतं. न सांगता त्यांच्याच इंजिनिअरनं तो डाग शोधून काढला, तर बाकीच्या सगळ्या घराबद्दल शंका धरतात आणि मग भाव पडतो तो दुरुस्तीच्या खर्चापेक्षा कितीतरी जास्त.

आता ती ओल येते कुठून, याकडे जरा नीट बघू. सगळ्यात वरच्या मजल्यावरची ओल बहुतेक वेळा गच्चीतून येते, पण डाग जिथं दिसतो त्याच्या बरोबर वरच भेग असेल असं धरून चालू नका. आपल्याकडच्या गच्च्यांवर स्लॅबवर विटांच्या तुकड्यांचा कोबा असतो. पाणी एका जागी आत शिरतं, कोब्याखालून स्लॅबच्या उतारानं सरकत जातं आणि स्लॅबला जिथं बारीक फट सापडेल तिथं खाली उतरतं. वरून नुसता केमिकलचा हात मारला तर वर्षभर बरं वाटतं, कारण आतल्या पाण्याची वाट तशीच राहिलेली असते. पॅरापेट म्हणजे कठडा आणि गच्ची जिथं मिळतात तिथला वाटा, म्हणजे कोपऱ्यातली सिमेंटची गोलाई, फुटलाय का बघा. पावसाच्या पाइपचं तोंड, म्हणजे गच्चीतून पाणी खाली उतरतं ती जागा, तिच्याभोवतीचं सिमेंट सुटलंय का बघा. आणि दोन वर्षांपूर्वीच्या कामानंतर गच्चीवर कुणी काही बसवलंय का, ते आवर्जून तपासा. सोलर वॉटर हीटरचा स्टँड बसवताना माणसं कोब्यात ड्रिल मारून बोल्ट ठोकतात. स्टँडच्या चार पायांची चार भोकं वॉटरप्रूफिंगच्या आरपार जातात आणि त्यातून झिरपणारं पाणी खालच्याच्या बेडरूममध्ये येतं. डिश अँटेना, फ्लेक्सची चौकट, मंडपाच्या खांबांसाठी केलेली भोकं, सगळ्यांचं हेच. बहुतेक ठेकेदारांच्या गॅरंटीपत्रात ‘पृष्ठभागाला छेद दिल्यास गॅरंटी रद्द’ अशी ओळ असते. तुमचं पत्र काढून वाचा. छेद कुणी दिलेला नसेल आणि मुदत शिल्लक असेल, तर ठेकेदाराला आजच लेखी कळवा. त्याला यायला लागेल.

दुसरी गोष्ट. गच्ची तुमच्या एकट्याची नाही. तुमची सहकारी गृहनिर्माण संस्था असेल तर आदर्श उपविधींप्रमाणे गच्चीतून पावसाचं पाणी झिरपून वरच्या मजल्याच्या छताचं, प्लास्टरचं जे नुकसान होतं त्याची दुरुस्ती संस्थेच्या खर्चानं व्हायची असते. वरच्या मजल्यावरच्यांनी पदरमोड करून गच्ची दुरुस्त करायची ही आपल्याकडे पडून गेलेली चाल आहे, नियम तसा नाही. (वरच्या फ्लॅटच्या बाथरूममधून खालच्याकडे येणाऱ्या गळतीचं वेगळं असतं, ती त्या दोन सभासदांनी आपसात सोडवायची.) आपल्याकडे पुष्कळ इमारतींत सोसायटी नसते, १९७० च्या अपार्टमेंट कायद्याखाली घोषणापत्र केलेलं असतं आणि अपार्टमेंटधारकांची असोसिएशन असते. तिथंही गच्ची सामायिक असेल तर खर्च सगळ्यांनी आपापल्या हिश्श्याप्रमाणे उचलायचा. तेव्हा आज एक अर्ज लिहा, सेक्रेटरींना द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. वळवाचे एक-दोन पाऊस पडायच्या आत काम झालं तर उत्तमच. झाल्यावर पाइपांची तोंडं बंद करून गच्चीवर दोन-तीन इंच पाणी दोन दिवस साठवा आणि खालून छत बघा. त्या जोडप्यालाही बोलवा बघायला. कोरडं छत त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं की दोन वर्षांच्या गॅरंटीचा आग्रह पुष्कळ सैल होईल.

तरीही ते लिहून मागतील. ‘दोन वर्षांत काही निघालं तर करून देऊ’ असं मोघम मात्र मुळीच लिहून देऊ नका. ‘काही’ या शब्दात नळाच्या वायसरपासून स्लॅबच्या सळ्यांपर्यंत सगळं येतं. वयाच्या या टप्प्यावर असलं ओझं डोक्यावर घेऊन कळंब्याला जाऊ नका. द्यायचंच असेल तर नेमकं द्या: हा एक कोपरा, येत्या पावसाळ्याच्या अखेरपर्यंत, गच्चीतून झिरपणाऱ्या पाण्यापुरतं, अमुक रकमेच्या मर्यादेत. माझं स्वतःचं मत विचाराल तर त्याहूनही सरळ वाट आहे. एका चांगल्या ठेकेदाराकडून दुरुस्तीचं लेखी एस्टिमेट घ्या, तेवढी रक्कम भावातून कमी करा आणि संचकारपत्रात तसं लिहा. दुरुस्ती त्यांनी संस्थेबरोबर बसून करून घ्यावी. तुम्ही मोकळ्या, तेही मोकळे.

तुमच्या मुलीचं म्हणणं चुकीचं नाही, पण तिच्याकडची वस्तू आणि इकडं जे तुम्हाला विकू पाहताहेत ते, यांत फरक आहे. अमेरिकेत होम वॉरंटी म्हणजे घराच्या भिंती-छताची हमी नसते. तो एक सेवा करार असतो, सहसा वर्षभराचा. घरातलं हीटिंग, एसी, वॉटर हीटर, वायरिंग, प्लंबिंग, फ्रिज, ओव्हन असं रोजच्या वापरानं बिघडलं तर कंपनी आपला माणूस पाठवते. अमेरिकन होम शील्ड ही कंपनी १९७१ मध्ये सुरू झाली, तेव्हापासून हा धंदा तिकडं रुजला. वर्षाची फी वेगळी आणि माणूस दारात आला की दर भेटीचे पैसे वेगळे. प्रत्येक वस्तूला खर्चाची कमाल मर्यादा. करार सुरू होण्याआधीच असलेला बिघाड सहसा बाहेर, देखभाल नीट केली नसेल तर तोही बाहेर. तिकडं घरभर यंत्रं असतात आणि कारागिराची मजुरी भयंकर, म्हणून काहींना तो करार परवडतो, काहींना नाही. तिकडंही त्यावरून तक्रारी होतच असतात.

मुलीला एक विचारा. तिला त्या वॉरंटीबरोबर विकणाऱ्यानं भरलेला एक फॉर्म मिळाला होता का? डॅलस ज्या राज्यात येतं त्या टेक्सासच्या मालमत्ता संहितेत कलम ५.००८ आहे. त्याखाली राहतं घर विकणाऱ्याला छत, प्लंबिंग, पाया, वाळवी, पूर्वी आलेला पूर यांबद्दल आपल्याला काय माहीत आहे ते लेखी द्यावं लागतं. शिवाय तिनं सौदा पक्का करण्याआधी पैसे मोजून इन्स्पेक्टरकडून घर तपासून घेतलं असण्याची दाट शक्यता आहे. म्हणजे आधी खरं सांगणं, मग तपासणी, आणि या दोन्हींनंतर वॉरंटी. तुमचे एजंट पहिल्या दोन पायऱ्या गाळून तिसरी तेवढी विकताहेत.

पंधरा हजारांच्या प्लॅनबद्दल फार लिहीत नाही. त्यात काय येतं ते छापील अटींतून वाचा. बहुधा गिझर, एसी, चिमणी, नळ-वायरिंग एवढंच असेल, म्हणजे आपण ज्याला एएमसी, वार्षिक देखभाल करार, म्हणतो तेच. छताची ओल त्यात येणार नाही, आणि आधीपासून असलेली तर नाहीच. ज्यासाठी घ्यायचं तेच त्यात नसेल, तर ते पैसे इंजिनिअरच्या तपासणीला द्या.

आता नव्या फ्लॅटकडे येते. इथं मला तुम्हाला एक चांगली बातमी द्यायची आहे. बिल्डरनं कार्ड दिलं नसतं तरी पाच वर्षांची हमी तुमच्याकडे आपोआप आली असती. रेरा, म्हणजे बिल्डरांवर नियंत्रण ठेवणारा स्थावर संपदा कायदा, २०१६ चा. त्याच्या कलम १४ च्या पोटकलम ३ प्रमाणे ताबा दिल्याच्या तारखेपासून पाच वर्षांत बांधकामाच्या सांगाड्यात, कारागिरीत, मालाच्या दर्जात किंवा सोयींमध्ये दोष निघाला आणि तो तुम्ही बिल्डरच्या नजरेस आणून दिला, तर त्यानं जादा पैसे न घेता तीस दिवसांत तो दुरुस्त करून द्यायचा. नाही केला तर तुम्हाला भरपाई मागता येते. नुसतं वॉटरप्रूफिंग नाही, टाइल्स, प्लास्टर, प्लंबिंग, दरवाजे-खिडक्या सगळं यात बसू शकतं. करारनाम्यातलं हे कलम बिल्डरला आपल्या सोयीनं बदलता येणार नाही, अशी महारेराची, म्हणजे हा कायदा राबवणाऱ्या राज्यातल्या प्राधिकरणाचीही भूमिका आहे. तेव्हा करारनाम्याच्या मसुद्यात पाचच्या जागी एक किंवा दोन वर्षं लिहिलेली दिसली तर तिथंच थांबा.

त्याआधी प्रकल्पाचा महारेरा नोंदणी क्रमांक मागा आणि संकेतस्थळावर स्वतः उघडून बघा. मंजूर नकाशे, ताब्याची तारीख, बिल्डरविरुद्धच्या तक्रारी तिथं दिसतात. कळंबा, पाचगाव, मोरेवाडीच्या बाजूला छोट्या छोट्या इमारतीही खूप उठल्या आहेत. जमीन ५०० चौरस मीटरपेक्षा जास्त नसेल किंवा फ्लॅट आठपेक्षा जास्त नसतील, तर रेरा नोंदणी सक्तीची नसते. तुमची इमारत तसली असेल तर तुमचा आधार पातळ होतो. १९६३ चा मोफा, म्हणजे महाराष्ट्राचा मालकी हक्काच्या फ्लॅटांचा कायदा आहे, त्यात दोषासाठी तीन वर्षांची मुदत आहे, पण महारेराच्या संकेतस्थळासारखी उघड माहिती तुम्हाला मिळत नाही. तिथं करारनाम्यात पाच वर्षांचं कलम स्पष्ट लिहून घ्या.

मग त्या दहा वर्षांच्या कार्डाचं काय? ते फेकून देऊ नका, पण उलटंसुलटं करून वाचा. खाली सही कुणाची आहे? पुष्कळदा ते कार्ड बिल्डरचं नसतंच, वॉटरप्रूफिंगचं केमिकल बनवणाऱ्या कंपनीचं असतं. कंपनीची हमी आपल्या मालापुरती. म्हणजे गळती झाली आणि दोष मालाचा ठरला, तर केमिकलचे डबे मिळतील. टाइल्स फोडायची, मजुरी द्यायची, खालच्यांचं छत रंगवायचं, हे कुणी करायचं? बिल्डर म्हणणार कंपनीला विचारा, कंपनी म्हणणार लावणाऱ्याला विचारा. म्हणून बिल्डरला सांगा, हे कार्ड नोंदणीकृत करारनाम्याला परिशिष्ट म्हणून जोडा, आणि त्यात लिहा की पाच वर्षांनंतर पुढची पाच वर्षं बाथरूम, बाल्कनी आणि गच्चीच्या गळतीची दुरुस्ती माल-मजुरीसकट प्रवर्तक (म्हणजे बिल्डर) करेल. तो खुशीनं तयार झाला तर कार्डाला अर्थ आहे. ‘त्याची काय गरज, माझा शब्द आहे की’ असं म्हणाला, तर त्या कार्डावर एक रुपयाही जास्त भाव देऊ नका. जाहिरातीत किंवा माहितीपत्रकात खोटं सांगून फ्लॅट विकला तर रेराच्या कलम १२ खाली भरपाई मागता येते, म्हणून कार्ड आणि माहितीपत्रकाचे फोटो मात्र जपून ठेवा.

आता एक सांगते ते नीट ध्यानात घ्या, कारण इथं भलीभली माणसं हातची हमी घालवून बसतात. बिल्डरच्या करारनाम्यात दोषाच्या कलमाखाली एक परंतुक असतं: ग्राहकानं बिल्डरच्या लेखी संमतीशिवाय बाथरूम, टॉयलेट, किचनमध्ये काही फेरफार केला किंवा पाइपांना हात लावला, तर बिल्डरची दोषाची जबाबदारी संपते. आणि आपल्याकडे ताबा मिळाला की पहिलं काय होतं? बिल्डरच्या टाइल्स आवडत नाहीत म्हणून बाथरूम फोडलं जातं, कमोडची जागा बदलते, किचनचं सिंक खिडकीखाली जातं, ड्राय बाल्कनीत वॉशिंग मशिनसाठी नवा नळ येतो. टाइल्स काढताना खालचा वॉटरप्रूफिंगचा थर तुटतो. दुसऱ्या पावसाळ्यात खालच्या मजल्यावरचे वर येतात, ‘आमच्या बाथरूममध्ये ठिबकतंय’ म्हणून. बिल्डरला फोन केला की तो तेवढं परंतुक वाचून दाखवतो, आणि तेव्हा त्याचं चुकीचं म्हणता येत नाही. तुम्हाला यांच्या गुडघ्यांसाठी उंच कमोड आणि भिंतीला दांड्या लावून घ्यायच्या असतील. ते काम ताब्याआधी, बिल्डरकडूनच, त्याच्याच प्लंबरकडून करून घ्या. जादा पैसे द्यावे लागले तरी द्या, आणि बिल्डरचं लेखी पत्र घ्या. हे पैसे वाया जाणार नाहीत.

ताबा दिवाळीत आहे म्हणजे मधला अख्खा पावसाळा तुमच्या हातात आहे. जुलैत पाऊस लागून राहिला की साइटवर जा. पश्चिमेची भिंत आतून बघा, खिडक्यांच्या कोपऱ्यांना हात लावून बघा. बाहेरच्या भिंतीला कॉलम आणि वीटकाम मिळतात तिथं उभी चीर असेल तर पाणी तिथूनच घुसतं. ताबा घेताना बाथरूममध्ये बादलीभर पाणी ओता आणि ते नहाणी ट्रॅपकडे, म्हणजे पाणी वाहून जायच्या जाळीकडे जातं की दाराकडे, ते बघत उभ्या राहा. टाइल्सवर नाण्यानं ठोकत चला, बद्द आवाज आला तर खाली पोकळी आहे. नहाणीचं तोंड बंद करून एक दिवस पाणी साठवायला सांगा आणि खालच्या मजल्यावर जाऊन छत बघा. हे बिल्डरचा सुपरवायझर सोबत असताना करा. जे निघेल ते ताबा पावतीवर हातानं लिहा. ‘सर्व काही पाहून समाधान झाले’ एवढ्याच वाक्याखाली सही करू नका. समजा सही झालीच, तरी पाच वर्षांची जबाबदारी त्यामुळं पुसली जात नाही. पण वाद घालायचं एक निमित्त कशाला द्या? भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे इमारत राहायला योग्य असल्याचा दाखला, मात्र हातात पडल्याशिवाय ताबा घेऊ नका. यावर मी अडून बसायलाच सांगेन.

दोष निघाला तर व्हॉट्सॲपवर फोटो टाकून गप्प बसू नका. दोष काय, कुठं, कधी दिसला हे लिहून ईमेल करा आणि स्पीड पोस्टानं पत्र पाठवा, पोच जपा. तीस दिवसांचं गणित त्या तारखेपासून मांडता येतं. बिल्डरला बघायची संधी देण्याआधी स्वतः दुरुस्ती करू नका, पुरावा नाहीसा होतो. तापमानामुळं प्लास्टरला पडणाऱ्या केसाएवढ्या चिरा बहुतेक करारनाम्यांत वगळलेल्या असतात, तेवढ्यावर भांडण काढू नका. बिल्डरनं काखा वर केल्या तर महारेराकडे ऑनलाइन तक्रार करता येते, तिची फी पाच हजार रुपये आहे. कोल्हापुरातल्या जिल्हा ग्राहक आयोगाकडेही जाता येतं. मोजलेली किंमत पन्नास लाखांपर्यंत असेल तर दावा तिथं चालतो, पण कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत.

तुम्ही विचारलं नाहीत तरी पुराचं दोन ओळींत सांगते, कारण हे सदर शाहूपुरी, नागाळा पार्क, कसबा बावड्याकडचे वाचकही वाचतात. पंचगंगेची राजाराम बंधाऱ्याजवळची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. २०१९ आणि २०२१ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं होतं. पुरानं झालेलं नुकसान कुठलीच वॉरंटी भरून देत नाही, बिल्डरची नाही आणि कंपनीचीही नाही. त्यासाठी विमाच लागतो. १ एप्रिल २०२१ पासून ‘भारत गृह रक्षा’ नावाची एकसारख्या अटींची पॉलिसी देशभर मिळते. त्यात आग, पूर, वादळ, भूकंप, पाण्याची टाकी फुटणं हे सगळं येतं, आणि घरातल्या सामानालाही इमारतीच्या विमा रकमेच्या वीस टक्के, कमाल दहा लाखांपर्यंत, आपोआप संरक्षण असतं. झिजेनं किंवा सदोष बांधकामानं होणारं नुकसान मात्र त्यात नाही. कळंबा उंचावर असला तरी ही पॉलिसी घ्या. नदीकाठच्या भागात घर घेणाऱ्यांनी तर आधी जागा निळ्या की लाल पूररेषेत येते ते महापालिकेत बघावं, मगच संचकाराचे पैसे द्यावेत.

राहता राहिलं ते जोडपं. तुमच्या फ्लॅटला रेराचा आधार नाही, २०११ चा ताबा आहे, पाच वर्षं कधीच सरली. (ज्यांचा फ्लॅट पाच वर्षांच्या आतला आहे त्यांनी लक्षात ठेवावं, उरलेली मुदत पुढच्या खरेदीदारालाही मिळते, कारण रेराच्या व्याख्येत पुढं विकत घेणाराही धरलाय.) तुम्ही त्यांना देऊ शकता ते म्हणजे कागद. गच्चीच्या कामाची पावती, गॅरंटीपत्र, गिझर आणि पाण्याच्या मोटारीची बिलं, तुमच्या माहितीतल्या प्लंबरचा आणि इलेक्ट्रिशियनचा नंबर, पाणीपट्टी-घरफाळा भरल्याच्या पावत्या, संस्थेचं ना हरकत पत्र, सगळं एका फायलीत लावून ठेवा. रविवारी त्यांना चहाला बोलवा, आधी मागच्या बेडरूममध्ये नेऊन तो कोपरा दाखवा आणि मग भावाचं बोला. एजंटांना त्या दिवशी नाही बोलावलं तरी चालेल.